तारेच्या टोकाशी उरलेले पाच व्होल्ट

धरणाच्या पोटात पाण्याचा दाब मोजत बसलेल्या संवेदकाला जेमतेम अर्धा वॅट वीज लागते, तरी ती एक किलोमीटरवरून पुरवायची म्हटले की तारेचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा तिचा अडथळा, आडवा येतो. ०.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ३५ ओहम असतो, आणि प्रवाहाला जायला एक व परतायला एक अशा दोन तारा लागत असल्याने ७० ओहम हिशेबात धरावे लागतात. त्यातून १०० मिलिअँपिअर प्रवाह गेला की ७ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात, १२ व्होल्टच्या बॅटरीतले ५ व्होल्ट टोकाशी उरतात, आणि संवेदकाला मिळते त्याहून जास्त वीज केबल तापवण्यात जाते. फसवी गोष्ट अशी की संवेदक सोडवून मल्टिमीटर लावला तर तेथे पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, कारण प्रवाहच नसेल तर दाब घटत नाही. म्हणून मोजणी संवेदक चालू असतानाच करायला हवी.

जाड तार हा पहिला सुचणारा उपाय खर्चिक आहे, कारण तांबे दुप्पट केले तरी रोध निम्माच होतो. विद्युतदाब वाढवणे कितीतरी फायद्याचे, कारण तारेतील नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते: ४८ व्होल्टवर तोच अर्धा वॅट सुमारे ११ मिलिअँपिअरमध्ये भागतो आणि ०.७ वॅटचे नुकसान सुमारे ८ मिलिवॅटवर येते. दाब उतरवणारा परिवर्तक मात्र टोकाशी बसवावा लागतो, आणि त्याचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. आत येणारा दाब घटला की तो तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी अधिक प्रवाह ओढतो, त्याने दाब आणखी घटतो, आणि पुरवठा कोसळू शकतो. १२ व्होल्ट व ७० ओहम या जोडीतून अर्ध्या वॅटहून फारसे काही मिळूच शकत नाही, ही मर्यादा कोणत्याही परिवर्तकाला ओलांडता येत नाही.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पोर्ट अल्बर्नी येथून समुद्रतळावरील नेपच्यून वेधशाळेच्या सुमारे ८०० किलोमीटर लांब केबलीत १०,००० व्होल्टचा एकदिश दाब सोडला जातो आणि तळावरील केंद्रांत तो ४०० व्होल्टवर उतरवला जातो, त्यामागेही हेच गणित आहे.

कारखान्यांत व जलप्रकल्पांत रूढ असलेली ४ ते २० मिलिअँपिअरची पद्धत याहून साधी आणि फार विचारपूर्वक घडवलेली आहे. तिच्यात त्याच दोन तारांतून वीज जाते आणि मोजमापही परतते, कारण संवेदक किती प्रवाह वाहू देतो हेच त्याचे उत्तर असते. एका वलयात प्रवाह सर्वत्र सारखाच असल्याने, पुरवठ्याचा दाब पुरेसा आहे तोवर, तार लांब असली तरी उत्तर बदलत नाही. मापनाच्या शून्यासाठी ० ऐवजी ४ मिलिअँपिअर ठरवल्यामुळे त्या किमान प्रवाहावर संवेदक जिवंत राहतो, आणि नियंत्रण कक्षातील काटा त्याखाली पार शून्यावर आला तर पाण्याचा दाब ओसरलेला नसून बहुधा तार तुटली आहे, हे पाहणाऱ्याला तत्क्षणी कळते.