कॉटर जॉइंटचं शीट

मेकॅनिकलच्या डिप्लोमाला मशीन डिझाइन शिकवताना सुरुवातीच्या मोठ्या गणितांत कॉटर जॉइंट हमखास असतो. एका रेषेतले दोन दांडे ओढ आणि दाब दोन्ही सोसतील असे जोडायचे. एकाचं टोक, म्हणजे स्पिगॉट, दुसऱ्याच्या पोकळ सॉकेटमध्ये बसतं आणि दोन्हींतून आरपार निमुळती पाचर, म्हणजे कॉटर, ठोकली जाते. वाफेच्या इंजिनात पिस्टनचा दांडा क्रॉसहेडला असाच जोडत. आज हा जोड फारसा दिसत नाही, मग तो अभ्यासक्रमात हवाच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. तरीही तो राहायला हवा, कारण इतक्या साध्या वस्तूत मोडण्याचे इतके निरनिराळे प्रकार दुसरीकडे सहसा सापडत नाहीत, आणि यातलं जवळजवळ प्रत्येक माप अशा एकेका प्रकारातून निघतं.

भार ५० किलोन्यूटन आणि पोलादाचा अनुज्ञेय ताण दर चौरस मिलिमीटरला ८० न्यूटन धरला, तर दांड्याचा व्यास २८.२ मिलिमीटर येतो, ३० घ्यायचा. पण स्पिगॉटला ३० पुरत नाहीत. पाचरीसाठी त्यात १० मिलिमीटरची खाच पडते, तेवढा धातू कमी होतो, म्हणून व्यास ३६ करावा लागतो. पाचर दोन ठिकाणी कापली जाऊ शकते. अनुज्ञेय कर्तन ताण ४० धरला की तिची रुंदी ६२.५ निघते. मग खाचेची कड चिरडेल का, सॉकेटची कॉलर कापली जाईल का, हे तपासायचं. एक माप बदललं की मागची दोन पुन्हा तपासावी लागतात. डिझाइन हा विषय मुळात या मागे-पुढे जाण्याचा आहे, आणि तो इथे पहिल्यांदा हाताला लागतो.

हे सगळं सॉफ्टवेअर क्षणात करतं, असं म्हणता येईल. ताण ते काढतंच, पण भाग एकमेकांना कसे टेकतात हे त्याला सांगावं लागतं. तिन्ही भाग एकमेकांना चिकटलेले आहेत असं विद्यार्थ्याने धरलं, तर संगणक तो जोड अखंड दांड्यासारखा ओढतो, रंगीत चित्र सुरेख येतं आणि पाचर कापली जाण्याचा धोका त्यात नीट उमटतच नाही. काय मोडू शकतं हे आधीच माहीत असलेल्यालाच त्या चित्रातली चूक दिसते.

खरा आक्षेप वेगळा आहे: सगळ्या वर्गाला एकच भार दिला की एकाचं शीट बाकीचे उतरवतात, आणि ओरलला मापं तोंडपाठ असतात, कारणं नसतात. हा दोष गणिताचा नाही, ते देण्याच्या पद्धतीचा आहे. रोल नंबरनुसार भार बदलला तर आकडेमोड तरी प्रत्येकाला स्वतः करावी लागेल. त्याहून मोलाचं म्हणजे पाचर मुद्दाम अरुंद ठेवून एक छोटा जोड वर्कशॉपमध्ये बनवावा आणि मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमधल्या यूटीएमवर, म्हणजे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर, तुटेपर्यंत ओढावा. आधी काय तुटेल आणि किती भाराला, हे प्रत्येकाने शीटवर लिहूनच यंत्र सुरू करावं.