कागलहून खिद्रापूरला, सावकाश

मागच्या वेळी आपण पगाराच्या पावतीबद्दल बोललो. आज सुट्टीबद्दल बोलू. आपल्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला येणाऱ्या आम्ही सातजणींनी गेल्या हिवाळ्यात एक गाडी ठरवली आणि दिवसभर गावागावांतून फिरून आलो. कुठल्या लग्नाला नाही, नवसाला नाही. नुसतं बघायला. घरी हे सांगताना सगळ्यात जास्त वेळ गेला. "बघायला म्हणजे काय बघायला?" या प्रश्नाला आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे, म्हणून सांगतोय.

टीव्हीवर युरोपातली खेडी दाखवतात. दगडी गल्ल्या, जुनं चर्च, लोक गाडी घेऊन एका गावाहून दुसऱ्या गावाला रमतगमत जातात. फ्रान्समध्ये तर १९८२ साली सुंदर खेड्यांची एक संघटनाच निघाली. गावची वस्ती दोन हजारांच्या वर नको आणि गावात जतन केलेल्या जुन्या वास्तू हव्यात, असे तिचे नियम आहेत. पॅरिसचं मोठं नोत्र दाम चर्च ११६३ च्या सुमारास बांधायला घेतलं. आता गंमत बघा, त्याच बाराव्या शतकात आपल्या शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी, खिद्रापूरला शिलाहार राजांच्या काळात कोपेश्वराचं मंदिर उभं राहत होतं. आपल्या कंपनीच्या गेटापासून ते पन्नास-साठ किलोमीटरवर. आमच्यातल्या पाचजणींनी ते कधी पाहिलेलं नव्हतं.

सकाळी सातला निघालो. तळंदगे मागे टाकलं की हुपरी. इथल्या चांदीच्या पैंजणांचं नाव देशभर आहे, पण त्या मागचे हात फारसे कुणी बघत नाही. हुपरी-रेंदाळ भागात कड्या जोडायचं, घुंगरू लावायचं काम बायका घरी बसून करतात. स्वयंपाक उरकला की उंबऱ्याजवळच्या उजेडात पाट टाकायचा आणि बसायचं. आमच्यातल्या दोघींनी लहानपणी आईशेजारी बसून ते केलंय. मान अन् डोळे जातात, हे त्या सांगतात तेव्हा पैंजणाकडे बघायची आपली नजर बदलते.

पुढे इचलकरंजी, मग शिरढोणवरून कुरुंदवाड. हिवाळ्यात गेलात तर घाई करायचीच नाही, कारण करताच येत नाही. पुढे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर असतो. आम्ही भाकरी, झुणका, ठेचा बांधून घेतला होता. कुरुंदवाड हे पटवर्धनांच्या संस्थानाचं गाव. नदीचा दगडी घाट बघण्यासारखा आहे. या गावात काही मशिदींत गणपती बसवतात, ही चाल कित्येक वर्षांची आहे.

कुरुंदवाडातून खिद्रापूरकडे वळलं की हेरवाड लागतं. इथं आम्ही मुद्दाम थांबलो. देऊळ बघायला नव्हे. मे २०२२ मध्ये या गावच्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, पायातली जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. आपल्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्येच विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला होता. महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले, हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं. पण तो कायदा आणि हा ठराव यांच्यामध्ये शंभरावर वर्षं गेली, हे कुणी मोजत नाही.

आमच्यातली एक मैत्रीण चार वर्षांपूर्वी एकटी पडली. हुपरीला आम्ही सगळ्या पैंजण बघत होतो तेव्हा ती गाडीतच बसून राहिली होती. हेरवाडात चहा पिताना ती म्हणाली, "आमच्या गावानं केला असेल का गं ठराव?" आम्हा कुणालाच सांगता आलं नाही. मैत्रिणींनो, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. ग्रामपंचायतीत जाऊन ठरावाची नोंद बघायला मागता येते. नसेल तर येत्या ग्रामसभेत विषय मांडता येतो. ग्रामसभेआधी महिला सभा भरवायची असते, ती कागदावरच भरते की खरंच, तेही त्या निमित्तानं कळतं.

अकराच्या सुमारास खिद्रापूर आलं. बाहेरून देऊळ ठेंगणं वाटतं. आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा स्वर्गमंडप. ४८ खांबांचा मंडप आणि मधोमध छताला गोल मोकळीक, सुमारे १३ फुटांची. वरून थेट आभाळ दिसतं. रोमच्या पॅन्थिऑनला असंच आभाळ उघडं आहे, तिथं जगभरातून माणसं जातात. खाली त्याच मापाची गोल शिळा आणि तिच्याभोवती १२ खांब. खांब नीट बघा. एकाच खांबाचा भाग खाली चौकोनी, वर अष्टकोनी, त्यावर गोल. बाहेरच्या जोत्यावर दगडी हत्ती आहेत, ९२ म्हणतात. आम्ही मोजायला गेलो आणि दोनदा चुकलो. बऱ्याच मूर्ती भंगलेल्या आहेत. दक्षिणेच्या दाराजवळ यादव राजा सिंघणाचा संस्कृत शिलालेख आहे, शके ११३६ चा, म्हणजे इ. स. १२१४. इतर लेख बरेचसे जुन्या कानडीत आहेत. सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला त्याचं नवल वाटू नये.

शंकराचं देऊळ, पण समोर नंदी नाही. त्याची कथा अशी. दक्षाच्या यज्ञाला शंकराला बोलावणं नव्हतं. सती तरीही नंदीवर बसून माहेरी गेली, तिथं अपमान झाला, तिनं यज्ञकुंडात उडी घेतली. शंकर कोपला, तो कोपेश्वर. त्याची समजूत काढणारा विष्णू, तो शेजारी धोपेश्वर म्हणून आहे. नंदी सतीबरोबर गेलेला, म्हणून तो इथं नाही. नदीपलीकडे कर्नाटकातल्या यडूरला आहे, असं सांगतात. माहेरी मान न मिळालेल्या लेकीची ही गोष्ट आम्ही त्या गार दगडावर बसून ऐकली, आणि बराच वेळ कुणी उठलंच नाही. गावातलं आदिनाथाचं जुनं जैन मंदिरही चुकवू नका.

जायचं असेल तर पावसाळा टाळा. २०१९ च्या महापुरात हे गाव पाण्यानं वेढलं गेलं होतं. पाणी बरोबर ठेवा. वाटेत बायकांसाठी धड सोय मिळेलच असं नाही, म्हणून कुरुंदवाड एसटी स्टँडवर आधीच जाऊन घ्या. देवळाच्या आवारात प्लास्टिक टाकू नका. गाडीचा खर्च सातजणींत वाटला, तर एका साध्या साडीपेक्षा कमी आला.

परतताना वाट थोडी वाकडी करून नरसोबाच्या वाडीला गेलो. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पाय बुडवून बसलो, बासुंदी खाल्ली, घरच्यांसाठी कवठाची बर्फी घेतली. हुपरीत पुन्हा पाच मिनिटं थांबलो. या खेपेला ती मैत्रीण गाडीतून उतरली. काय घेतलं ते तिनं दाखवलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

कार्तिक पौर्णिमेच्या रात्री चंद्र बरोबर त्या गोल मोकळिकीवर येतो, म्हणून तेव्हा खिद्रापूरला गर्दी असते. यंदा रात्री जायचा बेत आहे. घरी सांगायला आतापासून सुरुवात केली आहे, आणि गाडीत अजून दोन जागा आहेत.