सूर्येकाठचा भीम

चैत्री पौर्णिमेस पहाटे हनुमानजन्माचा पाळणा हलतो, आणि त्याच पर्वावर डहाणूनजीक विवळवेढे येथे श्रीमहालक्ष्मीची यात्रा भरते. पालघर-बोईसरकडील भाविकांची पावले आपसूक तिकडे वळतात. मध्यरात्री मुसळ्या डोंगराच्या शिखरावर ध्वज चढविण्याचा मान वाघाडीच्या सातवी या आदिवासी कुळाकडे परंपरेने चालत आला आहे. आडनाव ही केवळ शाळेच्या हजेरीपटावरची खूण नव्हे. येथे ते देवीच्या सेवेचे नाते सांगते.

या देवीची एक आख्यायिका वृद्धांच्या तोंडून ऐकावयास मिळते. वनवासी पांडव या रानात आले असता भीमसेनाच्या मनात देवीविषयी अभिलाषा उपजली. देवीने पण घातला, "एका रात्रीत सूर्या नदीस बांध घाल." भीम शिळा लोटू लागला. बांध पुरा होत आला, तेव्हा देवीने कोंबड्याचे रूप घेऊन बांग दिली. उजाडले असे समजून भीम निघून गेला. बांध अपुरा राहिला तो राहिलाच!

व्यासांच्या महाभारतात ही कथा नाही. देवीविषयी असे बोलावे काय, असेही काही सोवळ्या मनांस वाटेल. परंतु कथेत अखेर जिंकते कोण? देवीच. रानातल्या माणसाने आपली नदी आणि आपली देवी महाभारताशी जोडून घेतली, यात अनादर कसला?

दूरच्या आयर्लंडातही असेच आहे. तेथील उत्तर किनाऱ्यावरील दगडी स्तंभांची रांग फिन नामक महावीराने स्कॉटलंडला जाण्यासाठी रचली, असे लोक सांगतात. मुंबईला मुंबादेवीचे नाव, तसे त्या देशाचे एरे हे नाव एरियू देवीवरून आले. तेथील हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळाशी कूहुलिन या वीराच्या बालपणाची कथा निगडित आहे.

आमचा भीमही आखाड्यात आहेच. मल्लविद्येचे भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती आणि जरासंधी असे चार प्रकार जुने वस्ताद सांगत. म्हणजे भीमाने ज्यास चिरले, तो जरासंधही तांबड्या मातीत त्याच्या शेजारीच नांदतो! ज्येष्ठातील निर्जला एकादशीस भीमसेनी एकादशी म्हणतात; भूक न आवरणाऱ्या भीमाने वर्षातून तेवढा एकच उपास पाळला, म्हणून. आरतीच्या तबकातील कापूर भीमसेनी, आणि अधाशी पोराला आजी बकासुर म्हणते, तेव्हाही मागे भीमच उभा असतो.

आज सूर्येवर धामणी येथे खरेखुरे धरण उभे आहे. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांना आणि वसाहतींना सूर्येचेच पाणी मिळते. घरोघरी नळ सोडणाऱ्या मुलांना मात्र ती नदी कोणती, हे क्वचितच ठाऊक असते. यंदा यात्रेहून परतताना सूर्येच्या पुलावर क्षणभर थांबावे, आणि पात्रातील शिळा दाखवून मुलांना ती कोंबड्याची गोष्ट सांगावी.