जुन्या गाडीची प्रेशर प्लेट

पेणहून नागोठण्यामार्गे रोह्याला निघालात की वाटेत भिसे खिंडीचा चढ लागतो. जुन्या जीपमध्ये भाताची पोती भरलेली आहेत, इंजिन ओरडते आहे आणि गाडी मात्र पुढे सरकत नाही, असे झाले तर बहुधा क्लच घसरतो आहे असे समजावे.

क्लच म्हणजे काय? एक वही दोन तळहातांत घट्ट दाबून धरा. हात फिरले की वही फिरते; दाब सैल केला की ती सुटते. शिक्षकबंधूंनी हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. गाडीत एक तळहात म्हणजे इंजिनाचे फ्लायव्हील, दुसरा म्हणजे प्रेशर प्लेट आणि वही म्हणजे क्लच प्लेट. दाब देतात त्या स्प्रिंगा. चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरली की घर्षणाने प्रेशर प्लेट तापते, तिच्यावर निळे डाग पडतात, बारीक भेगा जातात आणि स्प्रिंगाही थकतात.

नवी प्लेट मिळत नसेल किंवा परवडत नसेल, तर दुरुस्त केलेली घेण्यात कमीपणा नाही. मात्र दुरुस्त केलेली वेगळी आणि नुसती रंगवलेली वेगळी! चांगला कारागीर ती सुटी करून धुतो, तोंड घासून सपाट करतो, स्प्रिंगांचा दाब मोजून थकलेल्या बदलतो आणि तिची बोटे एका उंचीला आणतो. यात एक मेख आहे. घासल्याने प्लेट पातळ होते, मग स्प्रिंगा कमी दाबल्या जातात आणि पकड ढिली पडते. म्हणून विचारावे, "किती घासली? स्प्रिंगांखाली चकत्या घातल्या का?"

दुकानात जाताना जुनी प्लेट बरोबर न्या. व्यास, बोल्टची भोके आणि बोटांची उंची ताडून पाहा. पोलादी पट्टी तोंडावर उभी धरून उजेडाकडे बघा. ठळक फट किंवा भेग दिसली तर ती प्लेट नको. जुनी परत दिल्यास किती सूट मिळते ते ठरवा, आणि हमी पावतीवर लिहून घ्या.

गिअरबॉक्स उतरवलाच आहे, तर झिजलेली क्लच प्लेट आणि बेअरिंगही त्याच वेळी बदलावे. दुसऱ्यांदा मजुरी पडत नाही. जुन्या क्लचमधली धूळ मात्र फुंकू नका. तिच्यात अॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसांना घातक असतो. ओल्या फडक्याने पुसावी.

आणि पट्टी लावून पाहू न देणारा दुकानदार भेटला, तर खुशाल पुढचे दुकान गाठावे.