सुट्टीचा दिवस आणि दीड-दोन वर्षांचे लेकरू



रविवारी सकाळी विहारात वंदनेला बसले की पुढच्या रांगेत म्हातारी माणसे असतात आणि मागच्या भिंतीला टेकून लेकुरवाळ्या. हसनाबादेत असो की भोकरदन तालुक्यातल्या दुसऱ्या कोणत्या गावात, हे चित्र फारसे वेगळे नाही. त्रिसरण होईपर्यंत मांडीवरची लेकरे शांत असतात, पंचशीलापर्यंत चुळबुळ सुरू होते. मग एका लेकराच्या हातात पाच रुपयांचे चिप्सचे पाकीट येते, दुसऱ्याच्या हातात बापाचा मोबाईल. दोन्ही लेकरे गप्प होतात. आईबापाला वाटते, सुटलो.

वंदना संपली की आम्ही त्या लेकरांना जवळ घेतो. गप्पा मारता मारता खालची पापणी अलगद खाली ओढून पाहतो, तळहात उलटा करून पाहतो. निरोगी लेकराची पापणी आतून लालसर दिसते. आमच्या मांडीवर बसलेल्या बऱ्याच लेकरांची ती फिकट, पांढुरकी असते. आई म्हणते, "सिस्टर, खातच नाही हे. नुसतं चिडचिड करतं." आम्ही विचारतो, काल दिवसभरात काय काय खाल्ले? चहा-बिस्कीट, दूध, एक केळ, पाकीट, रात्री दोन घास वरण. म्हणजे खाते. फक्त ज्यातून रक्त तयार होते तेवढेच पोटात जात नाही.

रविवारची ही सुट्टी कुणी फुकट दिलेली नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केले, तेव्हा १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. पण ती गिरणीतल्या माणसाला मिळाली. कापूस वेचायला जाणाऱ्या बाईच्या आठवड्यात आजही ठरलेली सुट्टी नाही. वेचणीच्या दिवसांत ती रविवारीही रानात असते. आणि ज्या दिवशी काम नसते त्या दिवशी आठ दिवसांचे धुणे, सारवण, दळण आणि बाजार तिचीच वाट पाहत असतात. म्हणून या लेखात आम्ही सुट्टीचा दिवस म्हणतो तेव्हा तो रविवार असेल, बाजाराचा दिवस असेल किंवा मजुरी न लागलेला कोणताही दिवस असेल, असे समजावे. त्या दिवशी बाप घरी असतो, एवढेच आमच्यासाठी महत्त्वाचे.

एरवी काय होते? आई सकाळी स्वयंपाक करून निघते, सांजच्याला येते. लेकरू आजीजवळ. आजीला दिसायला कमी, गुडघे दुखतात; ती लेकराला चहात बिस्कीट बुडवून देते, कारण ते लवकर खाल्ले जाते आणि अंगावर सांडत नाही. आजी नसेल तर मोठी बहीण. तिसरी-चौथीतली पोर, कडेवर धाकटा भाऊ घेऊन दारात उभी. हजेरीपटावर त्या दिवशी तिची गैरहजेरी लागलेली असते. याकडे आम्ही नंतर येतो.

आधी रक्ताचे. मूल जन्मताना आईकडून लोहाचा साठा घेऊन येते. तो साधारण सहा महिने पुरतो. पुढे लेकरू झपाट्याने वाढते, रक्त वाढावे लागते आणि त्यासाठी लोह बाहेरून, म्हणजे वरच्या अन्नातून यावे लागते. दुधात लोह नावालाच असते. त्यामुळे सहा महिने ते दोन-अडीच वर्षे हा काळ सर्वांत नाजूक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी सुमारे ६९ मुलांत रक्त कमी आढळले. आधीच्या फेरीत (२०१५-१६) हेच प्रमाण ५४ च्या आसपास होते. कमी व्हायचे सोडून ते वाढले आहे.

रक्त कमी असलेले लेकरू नुसते फिकट दिसत नाही. ते लवकर दमते, किरकिरते, त्याची भूक मरते, काही लेकरे माती खातात. भूक मेली की ते खात नाही, आणि खात नाही म्हणून रक्त आणखी उतरते. दुसरी गोष्ट जास्त काळजीची आहे. याच दोन वर्षांत मेंदू फार वेगाने घडत असतो आणि त्यालाही लोह लागते. या वयात जे राहून जाते ते पुढे गोळ्या देऊन पूर्ण भरून निघेलच असे नाही. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले. त्या शिकण्याची पहिली तयारी पाटीवर होत नाही, दीड वर्षाच्या लेकराच्या ताटलीत होते.

मग ताटलीत काय घालायचे? दुकानातला महागडा पावडरचा डबा नको. बाजरीची भाकर वरणात कुस्करून, त्यात चमचाभर तेल. मुगाची, मटकीची मऊ खिचडी. तांदुळजा, शेवग्याचा पाला, मेथी बारीक चिरून वरणातच शिजवलेली. आणि वरून लिंबाचे चार थेंब, कारण लिंबू, पेरू, आवळा यांतल्या क जीवनसत्त्वामुळे पालेभाजी-डाळीतले लोह अंगी लागते. चहा नेमके उलटे करतो, लोह शरीरात जाऊच देत नाही. म्हणून दोन वर्षांच्या लेकराला चहा नको, बिस्कीट बुडवूनसुद्धा नको. दूध द्या, पण दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर नको. पोट दुधानेच भरले तर भाकरीला जागा उरत नाही. एक ते दोन वर्षांच्या लेकराला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोन वेळा थोडा खाऊ लागतो. दर जेवणाला पाव लिटरच्या वाटीने पाऊण ते एक वाटी. अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे.

अंडे आणि मटणाबद्दल थोडे स्पष्टच बोलतो. मांसातले लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा कितीतरी सहज अंगी लागते. आपल्या घरात रविवारी मटण, कलेजी, सुकट शिजते. आणि नेमक्या त्या दिवशी लेकराला "तिखट आहे" म्हणून बाजूला ठेवून बिस्कीट दिले जाते! तिखट टाकण्याआधी कलेजीचा एक तुकडा बाजूला काढा, नीट शिजवा, बारीक कुस्करून भातात कालवा. आठवड्यातून एकदा तेवढा पुरे. आपल्या ताटातल्या अन्नाची लाज वाटून घेण्याचे दिवस गेले. जे घर मांसाहार करत नाही त्यांनी डाळ, पालेभाजी आणि लिंबू यांवर भर द्यावा, अंडे चालत असेल तर रोज एक द्यावे. अंगणवाडीतून तीन वर्षांखालील मुलांना घरपोच मिळणारा आहारही लेकराच्याच पोटात जाऊ द्या. चव आवडत नाही म्हणून तो शेळीपुढे गेलेला आम्ही पाहिला आहे.

जेवणाबरोबर लोहाचे औषध हवेच. २०१८ पासून ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना लोह-फॉलिक ॲसिडचे पातळ औषध आठवड्यातून दोनदा, दर वेळी १ मिलि देतात. आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत विचारा. दोन वार ठरवून टाका, त्यातला एक रविवार असू द्या आणि त्या दिवशीचा डोस बापाने पाजावा. औषध दूध किंवा चहाबरोबर देऊ नये. शी काळी झाली तर घाबरू नये, ते औषधामुळे होते. लेकराला ताप किंवा जुलाब असतील, ते फार अशक्त असेल किंवा घरात सिकलसेल, थॅलेसेमिया असेल, तर सिस्टरना विचारल्याशिवाय देऊ नये. बाटली उंच फळीवर ठेवा. गोड लागते म्हणून लेकराने सगळी पिऊन टाकली तर ते विष आहे, तडक दवाखाना गाठावा. जंतही रक्त खातात; वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, जंतनाशकाची मोहीम असते. एक ते दोन वर्षांच्या लेकराला अर्धी गोळी, दोन वर्षांपुढे एक, दोन्ही वेळा चुरून.

बाजाराच्या दिवशीचा एक धोका सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बाप कौतुकाने फुटाणे, शेंगदाणे आणतो आणि लेकराच्या मुठीत देतो. या वयात दाढा पुरत्या आलेल्या नसतात, लेकरू खाता खाता पळते, हसते, आणि दाणा श्वासनळीत जातो. पाच वर्षांपर्यंत अख्खा दाणा देऊच नये. कूट करून गुळात कालवून द्या, तेच शेंगदाणे पौष्टिक होतात. तरी अडकलेच, लेकरू खोकत असेल तर खोकू द्या. आवाज बंद झाला, ओठ निळे पडू लागले तर पालथे-पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा मारा. निघाले नाही तर एक वर्षापुढच्या लेकराला मागून धरून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके द्या, पुन्हा पाच थापा. हे चालू असतानाच दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. न दिसणाऱ्या दाण्यासाठी घशात बोट घालू नये, तो आणखी आत जातो.

मोबाईल दाखवून भरवलेला घास पोटात जातो, पण लेकराला आपण काय खाल्ले, पोट कधी भरले हे कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, त्यापुढेही दिवसाला तासभराच्या आतच. या वयाच्या लेकराला दिवसभरात मिळून तीन तास तरी हुंदडायला हवे आणि रात्र-दुपार मिळून अकरा ते चौदा तास झोप हवी. आपल्याकडे अंगण आहे, शेळीचे करडू आहे, विहाराचे पटांगण आहे. ते मोकळे सोडा आणि बापाने मागे पळावे.

बापाचा उल्लेख आम्ही पुन्हा पुन्हा करतो, त्याला कारण आहे. "भरवणे हे बाईचे काम" हा मनूचाच विचार आहे, तो विहारात बसून बोलला म्हणून बदलत नाही. बाबासाहेब आणि माता रमाईंनी आपली चार लेकरे गमावली. धाकटा राजरत्न गेला तो जुलै १९२६ मध्ये. दोनच वर्षांनी, २८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेब मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. कामगार बाईला बाळंतपणात विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. लेकराचा भार एकट्या आईवर टाकू नये, हाच त्याचा अर्थ. घरातही तोच लागू करावा. रविवारचे दोन जेवण आणि एक आंघोळ बापाकडे असली तर आईला धुण्यातून उसंत मिळते आणि लेकराला कळते की भरवणारे हात दोन नाहीत, चार आहेत. पाचवे शील पाळणारा बाप हे सहज करू शकतो. जो पाळत नाही त्याच्या घरात मजुरीचे पैसे आधी कुठे जातात आणि अंडे का येत नाही, हे त्या घरातल्या बाईला विचारा.

आणि ती दारातली पोर. धाकट्याला सांभाळण्यासाठी तिची शाळा बुडू नये, हे गावाने बघायचे काम आहे. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात तरतूद होती की कामावरच्या बायांबरोबर सहा वर्षांखालील पाच किंवा जास्त मुले आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिलाही मजुरी द्यायची. किती कामांवर अशी बाई पाहिली, हे वाचकांनीच आठवून पाहावे. सरकारी कामावर लेकरांसाठी सावली, पाणी आणि सांभाळणारी बाई मागणे ही भीक नाही. ग्रामसभेत हा विषय लेखी द्यावा, तोंडी दिलेला वाऱ्यावर जातो.

सुट्टीच्या दिवशी जुलाब लागले आणि दवाखान्याची ओपीडी बंद असली तरी हात बांधून बसू नये. ओआरएसचे एक पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण. दोन वर्षांखालच्या लेकराला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने. सोबत झिंकची गोळी दिवसाला एक, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. जेवण आणि अंगावरचे दूध बंद करू नये. डोळे खोल गेले, लेकरू मलूल पडले, काहीच पीत नाही किंवा शीत रक्त दिसले तर वाट पाहू नका.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर आम्ही दंडघेर मोजायची पट्टी घेऊन विहारात बसणार आहोत. पट्टी लाल रंगावर, म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आली तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवू. पिवळ्यावर, साडेबाराच्या खाली असेल तर अंगणवाडीताईंशी बोलू. येताना माता व बाल संरक्षण कार्ड आणा, म्हणजे सोळा ते चोवीस महिन्यांतला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि सहा महिन्यांनी मिळणारे अ जीवनसत्त्व राहिले आहे का ते पाहता येईल. लेकराला बापाने कडेवर घेऊन यावे. आई मागाहून, धुणे न धुता आली तरी चालेल.