आधी खुर्ची, मग इंजिन

खुर्ची म्हटलं की आपल्या मराठी मनासमोर आधी मंत्रालय येतं आणि मग तिच्यासाठी चाललेली ओढाताण. हा लेख मात्र अगदी साध्या, चाकांच्या खुर्चीविषयी आहे. ती मिळवायला ओढाताण करावी लागत नाही, फक्त तोंड उघडावं लागतं. मला तेवढंच जमायला सात महिने लागले!

आमचं घर टाकानिनीला. एअरफील्ड रोडने पूर्वेला निघालं की थोड्याच वेळात आर्डमोरचा विमानतळ लागतो. आपण भारतातून येतो ती मोठी विमानं मांगेरेला उतरतात; आर्डमोरला दिवसभर घिरट्या घालतात ती छोटी, बरीचशी शिकाऊ. हा तळ दुसऱ्या महायुद्धात बांधला गेला. युद्ध संपल्यावर तिथल्या लष्करी इमारतींत १९४८ पासून १९६९ पर्यंत ऑकलंडच्या इंजिनिअरिंगचे वर्ग भरत असत. म्हणजे शिकण्या-शिकवण्याची परंपरा इथे चांगलीच जुनी आहे.

वैमानिक घडवणाऱ्या एका संस्थेत मी थिअरी शिकवते. ओळखीच्या लोकांना वाटतं, मी रोज ढगांत असते. प्रत्यक्षात माझं विमान म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि चहाचा मग. खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी इथे सहा लेखी विषय असतात: हवाई कायदा, विमानाची तांत्रिक माहिती, दिशाशोधन, हवामान, रेडिओ-संभाषण आणि ‘ह्युमन फॅक्टर्स’, म्हणजे माणसाचं शरीर नि मन विमानात कसं वागतं त्याचा अभ्यास. वर्गात उभं राहायचं दोन-तीन तास. बाकीचा दिवस सराव-परीक्षा तपासणं, हजेरी, नोंदी आणि ई-मेल यांत जातो.

पहिल्या दिवशी मला टेबल दाखवलं गेलं. आधीचे गृहस्थ सहा फुटांवरचे, मी जेमतेम पाच फूट. खुर्ची खाली करायचा दांडा अडकलेला, त्यामुळे माझे पाय लोंबकळत. त्यात खिडकी उत्तरेची. पुण्यात आम्ही उत्तरेचा मऊ उजेड शोधायचो. इथे दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेच्या बाजूनेच जातो हे भूगोलात शिकले होते, पण स्क्रीनवर ऊन आल्यावर खऱ्या अर्थाने कळलं! उन्हापासून स्क्रीन वाचवायला मी तो डावीकडे वळवला आणि दिवसभर मान तिरकी ठेवून बसू लागले.

तिसऱ्या महिन्यात मान धरली. पाचव्यात उजवं मनगट दुखायला लागलं, इतकं की पोळ्या लाटताना कळ यायची. मी काय केलं असेल? घरून उशी नेली, जुन्या मॅन्युअलांचा गठ्ठा पायांखाली घेतला. “अगं, सांग ना त्यांना,” हे म्हणाले. “नवीन नोकरी, आल्या आल्या खुर्ची मागायची? काय म्हणतील?” असं म्हणून मी विषय मिटवला. आईने तर फोनवर सांगितलंच, “नोकरी मिळाली ना बाई, मग चालवून घे.” आपलं ‘चालतंय’ आणि इथल्यांचं ‘शी’ल बी राइट’ ही सख्खी भावंडं आहेत. दोघं एकत्र आली की मान धरलीच समजा.

माझे डोळे उघडले ते वर्गात. त्या दिवशी मी अमेरिकन हवाई दलाची एक गोष्ट सांगत होते. १९५० साली तिथे चार हजारांहून अधिक वैमानिकांची मापं घेतली गेली. गिल्बर्ट डॅनिएल्स नावाच्या तरुण अधिकाऱ्याने त्यांतली उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापं निवडली आणि दहाही बाबतींत सरासरीच्या आसपास बसणारे किती, ते मोजलं. उत्तर आलं, एकही नाही! ‘सरासरी माणसा’साठी केलेली बैठक खरं तर कोणालाच नीट बसत नव्हती. म्हणून वैमानिकाला आपल्या मापाने पुढे-मागे, वर-खाली करता येईल अशी आसनं हवीत, हा विचार रुजला.

पुढे मी नेहमीचं सांगितलं. इंजिन सुरू करण्याआधी आसन आपल्या मापाचं करा, ते रुळावर पक्कं बसलंय का ते हलवून बघा. सेस्नाच्या छोट्या विमानांत उड्डाण घेताना आसन मागे सरकून अपघात झालेले आहेत. आसन सरकलं की वैमानिक नकळत हातातलं चाक ओढतो आणि विमानाचं नाक वर जातं. १९८७ साली अमेरिकेच्या विमान-खात्याने त्या रुळांच्या तपासणीचा आदेशच काढला होता.

तेव्हा मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, “मग मिस, तुम्ही उशीवर का बसता?” वर्ग हसला, मीही हसले. पण घरी येताना एअरफील्ड रोडभर तोच प्रश्न डोक्यात होता.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांकडे गेले. घसा कोरडा पडला होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “मग हे आधी का नाही सांगितलंस?” आठवड्याभरात माझ्या मापाची खुर्ची आणि पायांखाली तिरकी फळी आली, टेबलही फिरवून मिळालं. मान महिन्याभरात मोकळी झाली. मनगटाला मात्र फिजिओथेरपीचे बरेच फेरे पडले आणि थंडीत ते अजूनही आठवण करून देतं. त्या सात महिन्यांच्या गप्प बसण्याची ही किंमत.

आता कामाच्या चार गोष्टी. पाऊल पूर्ण जमिनीवर किंवा फळीवर टेकायला हवं. कोपर साधारण काटकोनात, मनगट सरळ. स्क्रीन समोरासमोर, हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या पातळीला. खिडकी स्क्रीनच्या समोर किंवा मागे नको, बाजूला हवी. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे नजर टाकावी. आर्डमोरला हे सोपं आहे, एखादं विमान खिडकीतून जातच असतं! आणि चहाची सुट्टी टेबलाशी बसून पिऊन टाकू नका. आठ तासांच्या दिवसात दहा-दहा मिनिटांच्या दोन पगारी सुट्ट्या आणि अर्धा तास जेवणाची सुट्टी हा इथला कायदाच आहे.

कायद्याचंच म्हणाल तर २०१५ चा आरोग्य व सुरक्षा कायदा मालकावर कामाची जागा निर्धोक ठेवण्याची जबाबदारी टाकतो. पण तोच कायदा कामगारालाही सांगतो, की स्वतःच्या आरोग्याची वाजवी काळजी घे. म्हणजे निमूट सोसणं हा गुण ठरत नाही. दुखणं सुरू झालंच तर लवकर डॉक्टरांना दाखवा आणि कामाचा संबंध स्पष्ट सांगा. कामामुळे हळूहळू झालेली इजा एसीसीच्या योजनेत बसू शकते, मात्र ती कामामुळेच झाली हे दाखवावं लागतं. तेव्हा कधी दुखायला लागलं, काय करताना दुखतं, हे तारखेनिशी लिहून ठेवलेलं बरं.

आपल्यापैकी कितीतरी जण इथे नव्या नोकरीत, दुसऱ्याच्या मापाच्या खुर्चीत बसलेले आहेत. कोणी ऑफिसात, कोणी दुकानाच्या गल्ल्यावर, कोणी गाडीच्या चाकामागे. ‘मागितलं तर काय म्हणतील’ ही भीती मला चांगली ठाऊक आहे. पण वैमानिक आसन नीट करतो तेव्हा कोणी त्याला तक्रारखोर म्हणत नाही. ती उड्डाणाआधीची तपासणी असते. उद्या कामावर गेलात की तेवढी तपासणी करा. आधी खुर्ची, मग इंजिन.