रखवालदार नसलेली पांथशाळा

प्रवासी रात्रीपुरता आसरा मागतो आणि आसरा देणारा त्याचे मोल घेतो, हा व्यवहार जगात सर्वत्र चालतो. धर्मशाळा असो वा हॉटेल असो, दाराशी कोणीतरी माणूस असतोच. तो नाव टिपून घेतो, खोली दाखवितो आणि निघतेवेळी पैसे मोजून घेतो. परंतु जेथे मालक नाही, नोकर नाही, रखवालदारही नाही, आणि तरी कोठारात शिधा व खोपटात सरपण भरून ठेवलेले आहे, अशी पांथशाळा किती दिवस टिकेल? आमच्या विद्यार्थ्यांस हा प्रश्न विचारला तर पुष्कळ जण 'फार तर एक आठवडा' असे उत्तर देतील. नॉर्वे देशात मात्र अशा पांथशाळा पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत. त्या कशा चालतात, हे येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

नॉर्वे हा युरोपच्या उत्तरेकडील डोंगराळ देश होय. त्याची सारी लोकसंख्या सुमारे 55 लाख, म्हणजे एकट्या मुंबई शहराच्या निम्मीही नाही. तेथे शनिवार व रविवार हे सुटीचे दिवस असतात. शुक्रवारी काम आटोपले की अनेक कुटुंबे शहर सोडून डोंगराची वाट धरतात. डोंगरातल्या लाकडी कुटीस तेथील भाषेत 'हिट्टे' म्हणतात. त्या देशात सुटीसाठी बांधलेल्या अशा कुटी चार लाखांहून अधिक आहेत. परंतु ज्यांची स्वतःची कुटी नाही त्यांनी काय करावे? त्यांची सोय नॉर्वेच्या पर्यटक संस्थेने केली आहे. ही संस्था 1868 साली स्थापन झाली आणि त्याच वर्षी तेलेमार्क प्रांतात, र्‍युकान धबधब्याजवळ, तिने आपली पहिली कुटी घेतली. आज तिच्या व तिच्या शाखांच्या मिळून साडेपाचशेच्या आसपास कुटी आहेत.

या कुटी तीन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात खरोखरीची पांथशाळा असते. तेथे माणसे नेमलेली असून जेवण तयार मिळते. दुसऱ्या प्रकारात माणूस नसतो, पण शिधा भरलेला असतो. तिसऱ्या प्रकारात शिधाही नसतो; सरपण, भांडी व अंथरूण एवढेच मिळते. शेवटच्या दोन प्रकारांतील बहुतेक कुलपांस एकच किल्ली लागते. संस्थेचा सभासद अनामत रक्कम ठेवून ती घेतो, आणि मग देशभरातील शेकडो दारे त्याला उघडता येतात. अलीकडे पुष्कळ ठिकाणी जागा आगाऊ राखूनही ठेवता येते.

बहुतेक कुटींपर्यंत पायीच जावे लागते. वाटेत दगडांच्या लहान लहान राशी रचून त्यांवर तांबड्या रंगाने रोमन लिपीतील 'टी' हे अक्षर रंगविलेले असते. धुके पडले तरी एका खुणेपासून दुसरीपर्यंत जात राहिल्यास वाट चुकत नाही. वाट दुसऱ्याच्या मालकीच्या रानातून जात असली तरी हरकत नसते. कारण 1957 च्या कायद्याने पडीक जमिनीवरून, माळरानातून व डोंगरातून पायी जाण्याचा हक्क सर्वांस दिला आहे.

जुन्या धाटणीची कुटी बांधण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. झाडांचे सबंध ओंडके आडवे एकावर एक रचतात व कोपऱ्यांत खाचा पाडून एकमेकांत बसवितात. ओंडक्यांमधील फटींत शेवाळ दाबून भरतात, म्हणजे वारा आत शिरत नाही. छपरावर भूर्ज जातीच्या झाडाची साल अनेक थरांनी पसरून तिच्यावर गवतासह मातीची ढेकळे बसवितात. साल पाणी अडविते. माती सालीस जागच्या जागी दाबून धरते आणि घराची ऊबही राखते. उन्हाळ्यात अशा छपरावर हिरवे गवत डोलत असते.

आत शिरल्यावर पाहुण्याने प्रथम नोंदवहीत आपले नाव, आपण कोठून आलो व पुढे कोठे जाणार हे लिहावयाचे असते. ही केवळ हिशेबाची बाब नव्हे. एखादा प्रवासी हरवला तर शोध करणारे लोक या वह्या पाहतात आणि तो शेवटी कोणत्या दिशेने गेला हे त्यांस कळते. नंतर चूल पेटवावी, ओढ्यावरून पाणी आणावे आणि कोठारातून डबाबंद अन्न, कडक भाकरीचे तुकडे, चहा, कॉफी, साखर यांपैकी लागेल ते घ्यावे. किमतींचा तक्ता तेथेच असतो. काय घेतले व किती रात्री राहिलो हे पाहुण्याने स्वतःच लिहून काढावयाचे. पूर्वी त्याचे पैसे किंवा तशी चिठ्ठी भिंतीवरील पेटीत टाकीत. आता ते फोनवरूनही भरता येतात. परंतु पेटी असो वा फोन असो, मोजणारा आणि मोजून देणारा एकच असतो.

निघण्यापूर्वीची कामे याहून महत्त्वाची आहेत. भांडी घासून ठेवावी, जमीन झाडावी, राख धातूच्या बादलीत काढावी, आपला केरकचरा आपणच पाठीवर घेऊन जावा, आणि चुलीजवळ कोरडी, फोडलेली लाकडे रचून ठेवावी. हा शेवटचा नियम विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावा. हिवाळ्यात दिवस अगदी लहान असतो. बर्फात भिजलेला, बोटे बधिर झालेला प्रवासी अंधार पडताना दाराशी येतो, तेव्हा त्याच्या अंगी कुऱ्हाड धरण्याचे बळ उरलेले असेलच असे नाही. त्याचा जीव आदल्या पाहुण्याने फोडून ठेवलेल्या चार लाकडांवर अवलंबून असू शकतो, आणि तो आदला पाहुणा त्याला कधी दिसणारही नसतो.

डोंगराचा हा धोका काल्पनिक नाही. 1967 साली ईस्टरच्या सुटीत नॉर्वेच्या डोंगरांत 18 माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर पर्यटक संस्थेने व रेड क्रॉसने डोंगरात जाणारांसाठीचे नियम घरोघर पोहोचविले. हवामान पाहून निघावे, आपला बेत कोणास तरी सांगून जावे, वेळीच मागे फिरावे व त्यात कमीपणा मानू नये, हे त्यांतील मुख्य होत. तेथील मुलांस हे नियम लहानपणापासून ठाऊक असतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अशी पांथशाळा टिकते कशी? नॉर्वेतील सारेच लोक साधू आहेत, असा याचा अर्थ नव्हे. वाट लांब व पायी असल्यामुळे चोरीचा माल वाहून नेणे सोयीचे नसते. किल्लीसाठी सभासद व्हावे लागते. हीही कारणे आहेतच. परंतु मुख्य कारण निराळे आहे. या कुटींची डागडुजी, रंगकाम व वाटांवरील खुणा यांचे बरेचसे काम सभासद आपल्या सुटीच्या दिवशी, वेतनावाचून करतात. अशा सामुदायिक श्रमास त्यांच्या भाषेत 'दुग्नाद' असा स्वतंत्र शब्दच आहे. ज्याने छपरावर एकदा माती चढविली, तो त्या घरास परक्याचे समजत नाही. शिवाय तेथे येणारा प्रत्येक जण आधीच्याचा पाहुणा आणि नंतरच्याचा यजमान असतो. आपण पोहोचलो तेव्हा चुलीजवळ कोरडी लाकडे होती, हे जो विसरत नाही, तो रिकामी जागा ठेवून निघत नाही.

शाळेचे वाचनालय, वसतिगृहातील पाण्याचा हंडा, वर्गातील फळा, ही सर्व याच जातीची घरे आहेत. फाटलेले पान चिकटवून पुस्तक परत करणारा, हंडा भरून ठेवणारा, आणि तास संपल्यावर फळा पुसून जाणारा विद्यार्थी नॉर्वेला कधी गेला नाही तरी त्या कुटीत राहण्यास योग्य आहे, असे आम्ही समजतो. पालकांनीही सुटीत मुलांस घेऊन कोठे उतरावयाचे झाल्यास, निघतेवेळी खोली झाडण्याचे काम मुलांच्याच हाती द्यावे, एवढी आमची विनंती आहे.